राणीचे संग्रहालय आणि चेरीचे तळे

जबलपूर शहरातील वस्त्यांची नावे ओळीने वाचली, तर हे शहर खडकाळ टेकड्यांच्या पायथ्याशी नसून पाण्यावरच वसले असावे, असा समज होतो. हनुमानताल, अधारताल, रानीताल, भंवरताल, माढोताल, सूपाताल, फूटाताल, चेरीताल ही पत्त्यांत आणि दुकानांच्या पाट्यांवर नित्य येणारी नावे मुळात तळ्यांची आहेत. लोकपरंपरा या शहराला बावन तळ्यांचे गाव म्हणते. ही संख्या कोणी मोजून सांगितली असेल असे वाटत नाही. गढ्याचा गोंड राजा संग्रामशाह याच्या बावन गढांची जी ख्याती आहे, तिचाच हा पाण्यात उमटलेला प्रतिध्वनी असण्याचा संभव अधिक.

या नावांपैकी तीन नावे परंपरेने एका सूत्रात गुंफली आहेत. रानीताल हे राणी दुर्गावतीने बांधविले, अधारताल तिचा मंत्री अधार कायस्थ याने आणि चेरीताल तिच्या एका दासीने, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. 'चेरी' म्हणजे दासी. संस्कृत 'चेटी', प्राकृत 'चेडी' आणि हिंदी 'चेरी' अशी या शब्दाची वाट आहे. काहीजण त्या दासीचे नाव रामचेरी असे देतात. परंतु 'रामाची दासी' हे विशेषनाम मानावे, की दास्याचेच ते एक अधिक सोज्वळ रूप मानावे, हा प्रश्न उरतोच. राणीचे नाव, मंत्र्याचे नाव आणि दासीचे केवळ काम, अशी ही त्रयी आहे.

याच शहरात, भंवरताल भागात, राणी दुर्गावती संग्रहालय आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय आकाराने मोठे नाही. दिल्ली, मुंबई वा कोलकाता येथील संग्रहालयांशी त्याची तुलना करण्याचे कारणही नाही. एका जिल्ह्याच्या मातीतून निघालेल्या वस्तू त्याच जिल्ह्यात पाहावयास मिळाव्यात, इतकीच अशा संग्रहालयाची प्रतिज्ञा असते, आणि ती लहान नव्हे. मात्र राणीच्या नावाने उभ्या असलेल्या या वास्तूत चेरीला जागा कोठे आहे, असा प्रश्न कोणी विचारला, तर तो भाबडा म्हणून सोडून देता येणार नाही. स्थानिक इतिहास कशाचा बनलेला असतो, या मूलभूत प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

२

संग्रहालयात प्रवेश करणाऱ्या प्रेक्षकासमोर प्रथम येतो तो कलचुरींचा काळ. जबलपूरच्या पश्चिमेस काही कोसांवर तेवर नावाचे गाव आहे. तेच प्राचीन त्रिपुरी, चेदी देशावर राज्य करणाऱ्या कलचुरींची राजधानी. पहिला युवराजदेव, गांगेयदेव, त्याचा पुत्र लक्ष्मीकर्ण, पुढे यशःकर्ण, गयाकर्ण अशी ही मालिका दहाव्या शतकापासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पसरलेली आहे. शैव, वैष्णव आणि जैन शिल्पे, शिलालेख, ताम्रपट, नाणी अशी संग्रहाची विभागणी आहे. गांगेयदेवाच्या नाण्यांवरील बैठी लक्ष्मी पुढे उत्तर हिंदुस्थानातील कितीतरी राजवंशांनी उचलली. एवढ्याशा सुवर्णखंडावर एका राजधानीचा दूरवरचा प्रभाव वाचता येतो. महात्मा गांधींची पत्रे आणि छायाचित्रेही येथे जतन केलेली आहेत. पाषाणातील देवतांच्या सान्निध्यात ती पाहताना काळाची एक मोठी उडी प्रेक्षकाला घ्यावी लागते.

प्रत्येक शिल्पाखालची पाटी साधारणतः तीन गोष्टी सांगते: मूर्ती कोणाची, कोठे सापडली, कोणत्या शतकातील. ही माहिती आवश्यक आहे आणि ती अचूक असणे हे संग्रहालयशास्त्राचे पहिले कर्तव्य आहे. परंतु या पाटीत क्रियापद नसते. मूर्ती कोणी घडवली, कोणी पुजली, केव्हा भंगली, कोणी कोठून उचलून आणली, हे सांगण्यास तेथे जागा नसते. तेवरच्या परिसरात भग्न मूर्ती झाडाखाली गोळा करून त्यांना खेरमाई म्हणून शेंदूर लावण्याची रीत होती. अशा मूर्तीचे कलचुरींच्या काळातले आयुष्य पाटीवर येते. नंतरच्या आठ शतकांचे आयुष्य शेंदराबरोबर पुसले जाते.

त्या आठ शतकांत त्रिपुरीचे काय झाले, ही कथा संग्रहालयाच्या भिंतीबाहेरची आहे. राजधानीचाच भाग असलेल्या करणबेलच्या अवशेषांतील दगड रेल्वेच्या बांधकामासाठी कंत्राटदाराने वाहून नेल्याची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅमने केली आहे. मुंबईहून येणारा लोहमार्ग आणि कलकत्त्याकडचा लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर येथे जोडले गेले. त्या जोडणीचा उत्सव साऱ्या साम्राज्यात झाला. राजा कर्णाच्या नगरीचे चिरे मात्र मोऱ्यांत आणि पुलांत निमूटपणे बसले.

जे दगड वाचले, तेही जागेवर राहिले नाहीत. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १८६३ मध्ये नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडचा 'अजब बंगला', स्थापन झाले. पुढे जवळजवळ एक शतक, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, जबलपूरचा पुराणवस्तुविषयक कारभारही नागपूरशीच बांधलेला होता. त्यामुळे कलचुरींच्या अभ्यासात मराठी विद्वानांचा वाटा मोठा असावा, हे स्वाभाविकच होते. नागपूर ही कर्मभूमी मानलेले महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३-१९८५) यांनी कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा जो महाग्रंथ संपादित केला, तो १९५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. इ. स. २४८-४९ च्या सुमारास आरंभ होणाऱ्या या संवताचे गणित, लेखांचे शुद्ध पाठ आणि त्यांचे अनुवाद यांमुळे एका विस्कळीत राजवंशाला कालानुक्रम लाभला. त्याच वर्षी मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा त्रिपुरीच्या १९५२ मधील उत्खननाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, राखालदास बॅनर्जी यांचा त्रिपुरीच्या हैहयांवरील आणि त्यांच्या स्मारकांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, आणि कटनीचे रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडातील लेखांची सूची सिद्ध केली होती. आज संग्रहालयातील पाटीवरचा 'अकरावे शतक' हा एवढासा शब्दही या परिश्रमांवर उभा आहे.

३

या सर्व लेखांत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक लेख विशेष महत्त्वाचा आहे, आणि तो जबलपुरात नाही. भेडाघाट येथे नर्मदाकाठी सापडलेला हा शिलालेख कलचुरी संवत ९०७, म्हणजे इ. स. ११५५ मधला आहे. गयाकर्णाची राणी अल्हणदेवी हिने पुत्र नरसिंहाच्या राज्यकाळात शिवाचे मंदिर, त्याला जोडून मठ, व्याख्यानशाळा आणि उद्यानांची रांग निर्माण केली आणि देवस्थानाच्या खर्चासाठी दोन गावे दिली, असे त्यात नमूद आहे. अल्हणदेवी मेवाडच्या गुहिल घराण्यातील विजयसिंहाची कन्या. तिची आई माळव्याच्या परमार उदयादित्याची मुलगी. एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृतज्ञाने हा शिलालेख अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे पाठविला. नर्मदेच्या काठी एका राणीने कोरविलेली अक्षरे अटलांटिकपलीकडे गेली. भेडाघाटला मागे उरले ते टेकडीवरचे वर्तुळाकार प्राकार, त्यातील योगिनींच्या भग्न मूर्ती आणि मध्यभागी गौरीशंकराचे मंदिर.

लेखाच्या अखेरीस जे येते, ते मात्र राणीइतकेच लक्षणीय आहे. काव्य रचणारा शशिधर, ते लिहून काढणारा त्याचा भाऊ पृथ्वीधर, वास्तूची आखणी करणारा सूत्रधार पीथे आणि अक्षरे कोरणारा, बालसिंहाचा पुत्र महीधर, अशी चौघांची नावे तेथे आहेत. टाकीचे घाव घालणाऱ्या माणसाचे नाव, त्याच्या बापाच्या नावासह, साडेआठशे वर्षांनंतरही वाचता येते. याचे कारण उघड आहे: दगड त्याच्याच हातात होता. ज्याच्या हाती लेखनाचे साधन, त्याला आपल्या नावापुरती जागा मिळवता येते. मंदिराच्या भिंतीसाठी डोक्यावरून माती वाहणाऱ्या बायांची, मठात दळण-कांडण करणाऱ्या दासींची नावे महीधराच्या टाकीखाली आली नाहीत. तसा प्रश्नच कोणाला पडला नसावा.

भेडाघाटच्या योगिनींच्या बाबतीत हेच दुसऱ्या बाजूने दिसते. तेथील अनेक मूर्तींच्या पीठावर त्या त्या योगिनीचे नाव कोरलेले आहे. चौसष्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थानात कोनाडे चौसष्टाहून अधिक आहेत आणि त्यांत कामदा आहे, जाह्नवी आहे, यमुना आहे. देवता भंगली, हात तुटले, मुख झिजले, तरी नाव शाबूत राहिले. देवी, राणी, कवी आणि कारागीर या सर्वांना दगडाने आपापल्या मानाप्रमाणे नोंदवले आहे. दगडाची ही नोंदवही जेथे संपते, तेथून चेरीची गोष्ट सुरू होते.

साहित्याने दासीला अगदीच वगळले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कलचुरींच्या दरबारात राजशेखर हा नाटककार काही काळ होता. त्याचा पणजोबा अकालजलद 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून गौरविला गेला होता, तेव्हा मराठी वाचकाला हा कवी अगदी परका नाही. त्याची 'विद्धशालभंजिका' ही नाटिका युवराजदेवाच्या राजसभेशी निगडित मानली जाते, आणि तिच्या नावातच एक कोरीव स्त्रीमूर्ती आहे. याच राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत सट्टकात विचक्षणा नावाची दासी आहे. पहिल्याच अंकात ती काव्य म्हणते, राजाची वाहवा मिळवते आणि विदूषकाला निरुत्तर करते. दासीला आपल्याहून वरचढ ठरविल्याबद्दल विदूषक रुसतो. नाटकात हा विनोद आहे. परंतु दासी काव्य करू शकते, ही कल्पना त्या काळच्या प्रेक्षकाला अशक्य वाटत नव्हती, हे त्यातून कळते. काव्य करणारी दासी जेथे कल्पिता येते, तेथे तळे बांधणारी दासीही सर्वस्वी असंभवनीय म्हणता येणार नाही.

४

राणी दुर्गावतीचा इतिहास तुलनेने सुस्पष्ट आहे. महोब्याच्या चंदेल कुळातील ही कन्या संग्रामशाहचा पुत्र दलपतशाह यास दिली होती. पतीच्या मृत्यूनंतर, पुत्र वीरनारायण लहान असल्याने, तिने सुमारे पंधरा वर्षे गढ्याचे राज्य चालविले. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याने स्वारी केली. बरेल्याजवळ नरई नाल्याच्या लढाईत ती बाणांनी जखमी झाली आणि २४ जून १५६४ रोजी शत्रूच्या हाती पडण्याऐवजी तिने स्वहस्ते मरण पत्करले. अबुल फझलने 'अकबरनाम्या'त हे वर्णन विस्ताराने दिले आहे, आणि शत्रुपक्षाचा इतिहासकार असूनही तिच्या कर्तृत्वाविषयी त्याला आदर लपविता आलेला नाही. त्यानंतर एका शतकाने, विक्रम संवत १७२४ म्हणजे इ. स. १६६७ मध्ये, तिच्याच घराण्यातील हिरदेशाहने मंडल्याजवळच्या रामनगर येथे कोरविलेल्या संस्कृत वंशप्रशस्तीत तिचा गौरव आहे.

अबुल फझलच्या वृत्तान्तात राणीभोवतीची माणसेही नावानिशी येतात. त्यांत अधार कायस्थ आहे. जखमी राणीने आपला प्राण घेण्याची विनंती त्याला केली आणि ते त्याच्याने झाले नाही, हा प्रसंग तेथे आहे. पुढे चौरागढ पडला, वीरनारायण कामी आला आणि गढावर जोहार झाला. त्या अग्नीतून दोन स्त्रिया जिवंत निघाल्या: राणीची बहीण कमलावती आणि वीरनारायणासाठी वधू म्हणून आलेली पुरागढच्या राजाची कन्या. दोघींना बादशहाच्या दरबारी पाठविण्यात आले. बादशहाच्या इतिहासकाराला ज्या स्त्रियांची नोंद घेण्याजोगी वाटली, त्या या दोघी. जोहारात जळालेल्या इतर स्त्रियांत किती राण्या, किती कुलस्त्रिया आणि किती चेऱ्या होत्या, हे तेथे येत नाही.

तेव्हा तळ्यांच्या त्रयीकडे पुन्हा पाहिले, तर पुराव्याची उतरती भाजणी स्पष्ट दिसते. राणीला बखर आहे, प्रशस्ती आहे, संग्रहालय आहे. जबलपूर विद्यापीठाला १९८३ मध्ये तिचे नाव देण्यात आले, १९८८ मध्ये टपाल तिकीट निघाले आणि मदनमहालच्या परिसरात तिच्या भव्य स्मारकाचे भूमिपूजन ५ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. मंत्र्याला बखरीतील काही वाक्ये आणि एक तळे आहे. दासीला केवळ तळे आहे.

राणीच्या बाबतीतही एक स्मारक असे आहे की जे राजाने बांधले नाही आणि सरकारनेही नाही. नरई नाल्याजवळच्या तिच्या समाधीवर वाटसरू परिसरातील शुभ्र गारगोट्या वेचून ठेवतात, असे विल्यम स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात लिहिले आहे. आपणही त्यात एक खडा टाकल्याचे तो सांगतो. नाव, गाव, शतक यांची पाटी नसलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याने एकेका खड्याने वाढविलेले हे स्मारक आहे. लोक स्मरण कसे करतात याचा हा नमुना आहे, आणि चेरीताल हे नावही त्याच जातीचे स्मरण आहे. कोणी कोरले नाही. लोकांनी उच्चारत राहून राखले.

५

परंपरेला पुराव्याचे स्थान देताना इतिहासकाराने सावध असले पाहिजे. चेरीतालाची कथा कसोटीस लावली, तर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की ही कथा नावावरून मागाहून रचलेली असावी. नाव आधी, कथा नंतर, हा लोकव्युत्पत्तीचा नेहमीचा क्रम आहे, आणि महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या स्थलपुराणांत तो पाहावयास मिळतो. दुसरा आक्षेप असा की राणी, मंत्री, दासी ही रचना फार नेटकी आहे. लोककथेला तीन पात्रे आवडतात आणि त्यांतील एक दीन असावे लागते.

दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. तथापि त्यांनी प्रश्न संपत नाही. अधार कायस्थ ही व्यक्ती ऐतिहासिक असल्याचे तळ्याशी संबंध नसलेल्या स्वतंत्र साधनावरून ठरते. म्हणजे या परंपरेतील निदान एक दुवा कल्पित नाही. शिवाय 'चेरी' हा शब्द भूषणावह नाही. लोकांनी नाव कल्पनेनेच द्यावयाचे ठरविले असते, तर एखाद्या राजकन्येचे वा देवीचे नाव देणे अधिक सोपे होते. मानाची नावे मागाहून चिकटवली जातात. हीन मानलेली नावे सहसा चिकटवली जात नाहीत, आणि चिकटली तर टिकत नाहीत. या न्यायाने दासीचे नाव तळ्याला राहावे, यात काही मूळ असण्याचा संभव दिसतो. हे सिद्ध प्रमाण नव्हे. परंतु नाकारण्याजोगेही नव्हे.

आणि कथा सर्वस्वी कल्पित ठरली, तरी तिचे मोल उरतेच. तळे बांधणे ही भारतीय परंपरेत पूर्तधर्माची परिसीमा. यज्ञयाग हे अधिकाऱ्याचे काम. विहीर, तळे, बाग, पाणपोई हे कोणीही करावे असे पुण्यकर्म. स्त्रिया आणि शूद्र यांनाही पूर्तधर्माचा अधिकार स्मृतिकारांनी मान्य केला आहे. तेव्हा एका नगराने आपल्या राणीच्या शेजारी तिच्या दासीला तळ्याची धनीण म्हणून बसविले, तर त्या नगराची न्यायबुद्धी त्यातून प्रकट होते. दास्य हे तिचे जन्माचे नाव. पाणी हे तिचे कर्तृत्व.

मराठी वाचकाला या ठिकाणी आपल्या भाषेतील दोन शब्द आठवल्याशिवाय राहणार नाहीत: बटीक आणि कुणबीण. पेशवेकालीन कागदपत्रांत या शब्दांनी नोंदलेल्या स्त्रिया विकल्या जात, आंदण दिल्या जात, क्वचित मुक्तही केल्या जात. त्या नोंदी बहुधा हिशेबाच्या आहेत. तेथे नाव असले तर ते किमतीच्या शेजारी असते. याच समाजात त्याच्या कितीतरी आधी नामदेवांच्या घरची जनाबाई होऊन गेली. तिने स्वतःला दासी म्हणविले आणि तो शब्दच आपल्या अभंगांची मुद्रा केला. जनाबाईचे नाव उरले, कारण तिची वाणी उरली. चेरीची वाणी आपल्यापर्यंत आलेली नाही. तिचे जे काही म्हणणे होते, ते तिने पाण्यात सांगितले.

जबलपूरशी मराठ्यांचा जो थेट संबंध आला, तोही या नाममालिकेत फारसा उमटलेला नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढामंडल्याचे गोंड राज्य खालसा केले. पुढे हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर जिंकले. छत्तीस वर्षांचा हा अंमल वसुलीच्या कागदांत भरलेला आहे; तळ्यांच्या नावांत त्याची खूण ठळक नाही. राज्य केल्याने नाव राहते असे नाही, ही नोंद मराठी अभ्यासकाने विनयपूर्वक करावी अशी आहे.

६

तळे ही वस्तू म्हणून संग्रहालयात ठेवता येत नाही, आणि येथेच स्थानिक इतिहासाची खरी अडचण आहे. जबलपूरच्या तळ्यांना मदनमहालच्या टेकड्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी मिळे. कठीण खडकाच्या खळग्यांत बांध घालून ते अडविण्यात येई. संग्रामसागर, सूपाताल, देवताल ही तळी त्या टेकड्यांच्या कुशीतच आहेत. ही व्यवस्था केवळ शोभेची नव्हती. तिच्यावर पिणे, धुणे, गुरे आणि बागा अवलंबून होत्या, आणि आसपासच्या विहिरींची पातळी तिच्यावर राखली जाई. १८८३ मध्ये खंदारी येथील जलाशयातून नळाने पाणी येऊ लागले आणि तळ्यांचे नित्याचे काम संपत चालले. काम संपले की वस्तूची देखभाल संपते. पुढे शहर वाढले, जमिनीला भाव आला, आणि उथळ तळी भराव घालण्यास सोयीची ठरली. हनुमानताल आणि अधारताल यांनी पाणी राखले. राणीतालाच्या परिसरात क्रीडासंकुल झाले. भंवरताल आज उद्यान म्हणून ओळखले जाते. चेरीताल हे नाव आता प्रथम ध्यानात येते ते वस्तीचे.

राणीच्या नावाचे संग्रहालय स्वतः भंवरतालच्या परिसरात, म्हणजे तळ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमीवर उभे आहे, ही गोष्ट म्हणूनच बोलकी आहे. आत दगडांचा इतिहास सांभाळलेला आहे. ज्या भूमीवर तो सांभाळला आहे, तिचा इतिहास पत्त्यापुरता उरला आहे. यात संग्रहालयाचा दोष मुळीच नाही. संग्रहालय हे जे उचलून आणता येते त्याचे घर असते. परंतु जे उचलून आणता येत नाही त्याचे घर कोणते, याचे उत्तर नगराने द्यावयाचे असते.

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी जबलपुरात राजा शंकरशाह आणि कुंवर रघुनाथशाह यांच्या नावाचे नवे संग्रहालय सुरू झाले. गोंड घराण्यातील या पिता-पुत्रांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले होते. इंग्रजांच्या निर्दाळणासाठी देवीला घातलेले पद्यमय साकडे त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरले. एका कवितेसाठी मरण पत्करावे लागलेल्या राजाचे स्मारक होणे उचितच होते, आणि ज्यांचा इतिहास फार काळ प्रशस्त्यांच्या आणि गॅझेटियरांच्या कडेला राहिला, त्या समाजाला शहराच्या मध्यभागी स्वतःचे दालन मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि याही दालनात राजे आहेत. स्मरणाची कक्षा रुंदावते ती बहुधा सिंहासनापासून सुरुवात करून.

त्या कक्षेत चेरी यावयाची असेल, तर तिच्यासाठी निराळी वास्तू नको. राणी दुर्गावती संग्रहालयासारख्या ठिकाणी शहरातील तळ्यांचा एक साधा नकाशा लागावा. त्यात प्रत्येक तळ्याचे नाव, त्यासंबंधीची परंपरा, ती परंपरा कोणत्या साधनात प्रथम लिहिली गेली आणि आज तेथे पाणी आहे की नाही, एवढे असावे. शिल्पाच्या पाटीला जी शिस्त लागते, तीच येथेही लावता येईल: सिद्ध काय, संभाव्य काय, केवळ सांगितलेले काय. जुन्या जमाबंदीच्या नकाशांत या तळ्यांच्या सीमा मिळतील. वृद्ध रहिवाशांच्या आठवणींत घाट, पायऱ्या, पोहण्याच्या जागा मिळतील. हे काम उत्खननाइतके खर्चाचे नाही, पण त्याला उत्खननाइतकाच धीर लागतो आणि त्याहून अधिक त्वरा लागते. जमिनीखालचे त्रिपुरी आणखी शंभर वर्षे वाट पाहू शकेल. चेरीताल हे नाव पाण्याशी जोडणारी माणसे तितकी थांबणार नाहीत.

मिराशींच्या पिढीने विस्कटलेल्या लेखांतून एका राजवंशाचा कालानुक्रम उभा केला. त्या पिढीसमोर निदान दगड होते. पुढच्या अभ्यासकासमोर आहे तो एक शब्द, आणि तोही एखाद्या जुन्या नकाशाच्या काठावर किंवा टपालाच्या पत्त्यात. त्या शब्दात एक दासी आहे, तिने बांधले असे लोकांनी मानलेले तळे आहे, आणि ते साडेचारशे वर्षे विसरू न देणारे एक शहर आहे. महीधराने आपले नाव कोरून ठेवले, कारण टाकी त्याच्या हाती होती. चेरीचे नाव टिकविण्याचे काम तिच्यानंतरच्या लोकांच्या हाती राहिले, आणि ते अजूनही त्यांच्याच हाती आहे.